सोनेरी शिक्क्याआडचा गोरा रंग : अमेरिकन चित्रपुस्तकांचा इतिहास आणि आपली मुले

‘लहान मुलांच्या पुस्तकात कशाला जातीचे राजकारण आणता?’ असे विचारणारे लोक दोन प्रकारचे असतात. काहींनी मुलांची पुस्तके कधी लक्ष देऊन पाहिलेलीच नसतात. काहींनी ती नीट पाहिलेली असतात आणि त्यांत आपलेच घर, आपलेच सण, आपलीच आजी दिसते म्हणून ते निवांत असतात. ज्या मुलाच्या घरातले काहीच त्या पुस्तकात नसते, त्याला ही निवांतता मिळत नाही. त्याला लवकरच कळते, की पुस्तक नावाच्या वस्तूत आपल्यासारखी माणसे राहत नाहीत.

या लेखात मी अमेरिकेतील जुन्या, पुरस्कारप्राप्त चित्रपुस्तकांचा इतिहास मांडणार आहे. आंबेडकरी कार्यकर्त्याने अमेरिकेतल्या बदकांच्या आणि बर्फाच्या गोष्टी कशाला वाचायच्या, असे कुणी म्हणेल. त्याचे कारण सरळ आहे. वर्चस्व आपले काम तीन-चार वर्षांच्या मुलापासून कसे सुरू करते आणि ते मोडण्यासाठी एका दडपलेल्या समाजाने काय काय उभे केले, याचा हिशेब तिथे सालवार सापडतो. शिवाय हे नाते जुने आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते हार्लेमला लागूनच आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिच्या नावातच ब्लॅक पँथर आहे. कृष्णवर्णीयांच्या चळवळीकडून आपण घोषणा घेतली, कवितेचा आवाज घेतला. त्यांची मुलांची पुस्तके मात्र आपण फारशी उघडली नाहीत.

शिक्का कोण मारतो?

अमेरिकेत चित्रपुस्तकांसाठी सर्वांत मानाचे मानले जाते ते कॅल्डेकॉट पदक. एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश चित्रकार रँडॉल्फ कॅल्डेकॉट यांच्या नावाने ते दिले जाते. फ्रेडरिक मेल्चर या प्रकाशन-व्यवसायातील गृहस्थाच्या पुढाकाराने १९३७ साली ते ठरले आणि १९३८ साली पहिल्यांदा दिले गेले. पहिले पदक डोरोथी लॅथ्रॉप यांना ‘अ‍ॅनिमल्स ऑफ द बायबल’साठी मिळाले. पदक देते ती अमेरिकन लायब्ररी असोसिएशन, म्हणजे ग्रंथपालांची संघटना. मुख्य पदकाखेरीज काही पुस्तकांना ‘ऑनर’ हा दुय्यम सन्मान मिळतो.

निवड ग्रंथपाल करतात आणि पुस्तके विकत घेऊन मुलांपर्यंत पोचवतात तेही ग्रंथपालच, ही गोष्ट महत्त्वाची आहे. एकदा मुखपृष्ठावर सोनेरी शिक्का चिकटला, की शाळा आणि सार्वजनिक वाचनालये ते पुस्तक घेतात, फाटले की पुन्हा घेतात आणि प्रकाशक ते वर्षानुवर्षे छापत राहतो. त्या वर्षीची बाकीची पुस्तके हळूहळू नाहीशी होतात. एका वर्षी एका खोलीत बसलेल्या मूठभर माणसांची आवड अशा रीतीने तीन-तीन पिढ्यांचे बालपण ठरवते. सत्तेचा इतका स्वस्त आणि टिकाऊ मार्ग दुसरा क्वचितच असेल.

पहिल्या पंचवीस वर्षांची यादी या नजरेने पाहा. १९४२ साली रॉबर्ट मॅक्लॉस्की यांच्या ‘मेक वे फॉर डकलिंग्ज’ला पदक मिळाले. बॉस्टन शहरात बदकीण आपली पिल्ले घेऊन रस्ता ओलांडते आणि पोलीस हात दाखवून गाड्या थांबवतो. पुस्तक गोड आहे, चित्रे अप्रतिम आहेत. १९४८ साली ‘व्हाइट स्नो, ब्राइट स्नो’ या बर्फावरच्या पुस्तकाला पदक मिळाले. पुढच्याच वर्षी, १९४९ साली, ‘द बिग स्नो’ला मिळाले, त्यात बर्फ पडल्यावर रानातले प्राणी काय करतात ते आहे. म्हणजे बदकांसाठी रस्ता मोकळा झाला, बर्फाला दोनदा पदक मिळाले, ससे आणि हरणेही मानकरी ठरली. त्या शहरात आणि त्या बर्फात राहणारे कृष्णवर्णीय मूल मात्र कुठे आहे?

ते आहे. दोन पदकविजेत्या पुस्तकांत ते कसे आले ते पाहू.

गुलाम होता, पण तसे म्हणत नसत

१९४१ चे पदक रॉबर्ट लॉसन यांच्या ‘दे वेअर स्ट्राँग अँड गुड’ या पुस्तकाला मिळाले. लेखक आपल्या आई-वडिलांची आणि आजी-आजोबांची कहाणी सांगतो. साध्या, कष्टाळू माणसांनी हा देश घडवला, ती बळकट होती, चांगली होती, असा एकूण सूर. दक्षिणेत वाढलेल्या वडिलांच्या लहानपणाबद्दल सांगताना लेखक एका दमात सांगतो, की वडिलांकडे दोन कुत्रे होते आणि एक काळा मुलगा होता. कुत्र्यांना प्राचीन रोमन राजांसारखी भारदस्त लांबलचक नावे. मुलाला एक छोटेसे हाक मारण्यापुरते नाव. तो वडिलांच्याच वयाचा होता. तो गुलाम होता, पण घरात त्याला कुणी तसे म्हणत नसे, असेही लेखक सांगून टाकतो.

हे वाचताना मला आपल्याकडची वाक्ये ऐकू येतात. ‘तो आमच्या घरचाच होता.’ ‘आम्ही कधी भेदभाव केला नाही, त्याचा कप फक्त वेगळा ठेवायचो.’ जुलमाला जुलूम न म्हणता मायेचे नाव देणे ही वर्चस्वाची जगभरची रीत आहे. लॉसन दुष्ट माणूस होता असे मला म्हणायचे नाही. उलट तो प्रेमाने लिहितो आहे. प्रश्न असा, की समितीतल्या एकालाही ते वाक्य वाचताना अडखळायला झाले नाही का? ज्याच्या घरात गुलाम ठेवले गेले तो बळकट आणि चांगला. ज्याला गुलाम म्हणून ठेवले, त्याचे आई-वडील बळकट नव्हते का? चांगले नव्हते का? त्यांची कहाणी सांगणाऱ्या पुस्तकाला पदक मिळायला किती वर्षे लागावीत?

दुसरे पुस्तक मॉड आणि मिस्का पीटरशॅम या दांपत्याचे ‘द रूस्टर क्रोज’, १९४६ चे पदक. अमेरिकेतील बालगीते आणि बडबडगीते यांचा हा संग्रह. गोऱ्या मुलांची चित्रे नीटनेटकी, लाडिक. कृष्णवर्णीय मुलांची चित्रे मात्र विदूषकासारखी केलेली आणि सोबतची गीतेही त्यांची चेष्टा करणारी. टीका झाल्यावर १९६४ च्या आवृत्तीतून ती चित्रे आणि गीते काढून टाकण्यात आली. लॉसनच्या पुस्तकातलेही काही शब्द नंतरच्या आवृत्तीत बदलले गेले.

इथे समीक्षेचा एक महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. पाने काढली, पदक तसेच राहिले. आज वाचनालयात मिळणाऱ्या प्रतीवरचा शिक्का ज्या पुस्तकाला मिळाला होता, ते हे पुस्तक नाही. अपमान करणारी पाने लहान मुलाच्या हातून काढून घेतली हे योग्यच झाले. पण त्याबरोबर समितीच्या नजरेचा पुरावाही शेल्फावरून गेला. वीस वर्षांनी कुणी म्हणेल, ‘पाहा, यात तर काहीच वाईट नाही. उगाच आरडाओरडा करता.’ म्हणून माझे मत असे, की मुलाला दुरुस्त केलेली प्रत द्यावी आणि अभ्यासकाने मूळ प्रत शोधावी. जुन्या पुरस्कारप्राप्त पुस्तकाचे परीक्षण करताना ‘ही कोणत्या सालची आवृत्ती?’ हा प्रश्न न विचारणे म्हणजे साफसफाईत सामील होणे.

मुलांच्या पुस्तकांत राजकारण नसते, असे म्हणणाऱ्यांसाठी अजून एक उदाहरण. १९५८ साली गार्थ विल्यम्स यांचे ‘द रॅबिट्स वेडिंग’ आले. त्यात एक काळा ससा आणि एक पांढरी ससीण लग्न करतात, बस. त्या पुस्तकाला पदक मिळालेले नव्हते. पण १९५९ साली अलाबामा राज्यात वंशवादी राजकारण्यांनी त्यावर गदारोळ केला. राज्याच्या ग्रंथालय सेवेच्या प्रमुख एमिली रीड यांच्यावर दबाव आला आणि ते पुस्तक खुल्या कपाटातून काढून राखीव कपाटात ठेवावे लागले. आंतरजातीय लग्न केल्याबद्दल जिथे माणसे मारली जातात, त्या देशात राहणाऱ्या आपल्याला यातली भीती समजावून सांगावी लागत नाही. चित्रातल्या सशांना काय अर्थ असतो हे वर्चस्ववाद्यांना पक्के ठाऊक होते. ते ठाऊक नसल्याचे सोंग फक्त ‘तटस्थ’ मंडळी घेतात.

मोजल्याशिवाय तक्रार ऐकत नाहीत

सप्टेंबर १९६५ मध्ये ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ या नियतकालिकात नॅन्सी लॅरिक या वाचनतज्ज्ञ बाईंचा एक लेख आला. मुलांच्या पुस्तकांचे जग संपूर्ण गोरे आहे, असा त्याचा मथळाच होता. लेखाची सुरुवात त्यांनी न्यूयॉर्कमधील एका बालवाडीतल्या पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीपासून केली. पुस्तक पाहता पाहता तिने विचारले होते, की यातली मुले नेहमी गोरीच का असतात?

लॅरिकबाई नुसत्या हळहळल्या नाहीत. त्यांनी प्रकाशकांकडून माहिती मागवली. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत ६३ प्रकाशकांनी काढलेली ५,२०६ बालपुस्तके त्यांनी हिशेबात घेतली. त्यांपैकी किमान एक तरी कृष्णवर्णीय व्यक्ती असलेली पुस्तके निघाली ३४९, म्हणजे ६.७ टक्के. त्यातही जवळजवळ साठ टक्के पुस्तकांची गोष्ट अमेरिकेबाहेर घडणारी किंवा दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. आजच्या अमेरिकेत राहणाऱ्या कृष्णवर्णीयांची गोष्ट सांगणारी पुस्तके एक टक्काही भरली नाहीत.

या आकड्यांनी खळबळ उडाली. त्याच १९६५ साली दोन गोष्टी घडल्या. ‘कौन्सिल ऑन इंटररेशियल बुक्स फॉर चिल्ड्रन’ ही संघटना स्थापन झाली. ती बालपुस्तकांतील वंशवादावर सातत्याने लिहू लागली आणि नव्या लेखकांसाठी तिने स्पर्धा घेतल्या. वॉल्टर डीन मायर्स यांच्यासारखे लेखक त्या स्पर्धेतून पुढे आले. दुसरी गोष्ट, शिक्षणाचा नवा केंद्रीय कायदा झाला आणि शाळांच्या ग्रंथालयांसाठी सरकारी पैसा आला. शहरी शाळांना कृष्णवर्णीय मुलांसाठी पुस्तके हवी होती, ती घ्यायला पैसेही होते, म्हणून प्रकाशकांना जाग आली. प्रबोधनाने मन बदलते हे खरे, पण खरेदीच्या यादीने बाजार बदलतो हेही तितकेच खरे. आपण बहुतेक वेळा पहिल्यावर भाषणे देतो आणि दुसऱ्याची फाईल कुणी पाहतच नाही.

पीटर बर्फात खेळतो

या सगळ्याच्या मधोमध उभे आहे एझ्रा जॅक कीट्स यांचे ‘द स्नोई डे’. १९६२ साली ते प्रसिद्ध झाले आणि १९६३ चे पदक त्याला मिळाले. कृष्णवर्णीय मूल नायक असलेले हे पहिले पदकविजेते पुस्तक. पीटर नावाचा लहान मुलगा सकाळी उठतो, खिडकीबाहेर बर्फ पडलेला असतो. लाल पोशाख घालून तो बाहेर जातो. पाऊले उमटवतो, काठीने झाडावरचे बर्फ पाडतो, बर्फात लोळतो. एक बर्फाचा गोळा उद्यासाठी म्हणून खिशात ठेवतो. घरी आल्यावर खिसा रिकामा. एवढीच गोष्ट.

आमच्या विहारातील रविवारच्या वर्गात मी ही गोष्ट चित्रे दाखवून सांगितली. त्यातल्या एकाही मुलाने बर्फ पाहिलेला नाही. तरी पीटरने गोळा खिशात ठेवला तेव्हाच दोघी-तिघी ओरडल्या, ‘अरे, वितळेल ना!’ एका मुलाने विचारले, ‘याला कुणी मारत नाही का?’ त्या प्रश्नावर मी अजून विचार करतो आहे.

कीट्स स्वतः गोरे होते. पोलंडहून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबात, ब्रुकलिनमध्ये १९१६ साली त्यांचा जन्म झाला. मूळ नाव जेकब एझ्रा कॅट्झ. ज्यूद्वेषामुळे त्यांनी पुढे नाव बदलले. नाव लपवावे लागणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी आडनाव बदललेल्या घरांना सांगायला नको. इतरांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढताना त्यांच्या लक्षात आले, की कृष्णवर्णीय मूल असलेच तर ते मागे कुठेतरी असते. ‘लाइफ’ मासिकात १९४० साली आलेले एका कृष्णवर्णीय लहानग्याचे फोटो त्यांनी कापून वीस वर्षांहून जास्त काळ जपून ठेवले होते. पीटर घडला तो त्या फोटोंवरून.

परिणाम काय झाला? एका शिक्षिकेने कीट्स यांना कळवले, की तिच्या वर्गातली कृष्णवर्णीय मुले स्वतःचे चित्र काढताना पहिल्यांदाच तपकिरी खडू वापरू लागली आहेत. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने बाहुल्यांचे प्रयोग केले होते. कृष्णवर्णीय मुलेसुद्धा गोरी बाहुली ‘चांगली’ आणि काळी ‘वाईट’ ठरवत होती. शाळांमधील वंशभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राऊन खटल्यात त्या संशोधनाचा आधार घेतला गेला. कायद्याने शाळेचे दार उघडले. पीटरने खडूची पेटी उघडली. दोन्ही लागते. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०२० साली आपल्या १२५ वर्षांच्या इतिहासात सर्वाधिक वाचकांनी नेलेली पुस्तके जाहीर केली, तेव्हा पहिला क्रमांक याच पुस्तकाचा होता. ते ४,८५,५८३ वेळा घरी नेले गेले होते.

पण लॅरिकबाईंनी याही पुस्तकाला सोडले नाही. त्यांचा आक्षेप असा, की मजकुरात पीटर कृष्णवर्णीय असल्याचा उल्लेखच नाही आणि त्याची आई भडक पोशाखातली भली थोरली बाई दाखवली आहे. गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या काळ्या दाईचा जो ठरलेला साचा होता, त्याच्या जवळ जाणारी. कीट्स यांनी उत्तर दिले, की चित्रात रंग दिसतोच आहे, मग शब्दांत लिहायचे कशाला? मला यात दोघांचेही थोडे थोडे पटते. आईबद्दलचा आक्षेप गंभीर आहे. बाहेरचा माणूस कितीही प्रेमाने चित्र काढू लागला, तरी त्याच्या हातात आधीचे साचे असतात. पण पीटरच्या रंगाचा उच्चार नाही यातच मला या पुस्तकाचे बळ दिसते. तो कुणाला काही सिद्ध करून दाखवत नाही. तो फक्त खेळतो.

‘पहिले’ पुस्तक खरे पहिले नसते

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ‘द स्नोई डे’ने सुरुवात केली असे सर्रास लिहिले जाते. हे अर्धेच खरे आहे. एलन टॅरी या कृष्णवर्णीय लेखिकेचे ‘हेझेकाया हॉर्टन’ १९४२ साली आले, त्याची चित्रे ऑलिव्हर हॅरिंग्टन या कृष्णवर्णीय चित्रकाराची. ‘टू इज अ टीम’ १९४५ चे, चित्रे अर्नेस्ट क्रिचलो यांची, तेही कृष्णवर्णीय. या पुस्तकांत काळी मुले माणसांसारखी वागत होती, पण मुखपृष्ठावर शिक्का नव्हता. ज्याला पदक मिळते त्यालाच इतिहास ‘पहिले’ म्हणतो. आपल्याकडेही प्रस्थापितांनी दखल घेतल्यावरच विद्रोही साहित्य जन्माला आले, असे समजणारे आहेत. त्यांनी हे लक्षात घ्यावे.

त्याच्याही मागे जा. जानेवारी १९२० मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी न्यूयॉर्कहून कृष्णवर्णीय मुलांसाठी ‘द ब्राउनीज बुक’ हे मासिक सुरू केले. जेसी फॉसेट या लेखिका संपादनाची बाजू सांभाळत. त्याच महिन्यात, ३१ जानेवारी १९२० रोजी, मुंबईत बाबासाहेबांनी ‘मूकनायक’चा पहिला अंक काढला. दोघांचा एकमेकांशी तेव्हा काही संबंध नव्हता. पण दोघांना एकच गोष्ट कळली होती. दुसऱ्याच्या वर्तमानपत्रात आपली बाजू कधीच पुरी छापली जात नाही. ड्यू बॉइस यांना मुलांची काळजी होती. सतत अपमान आणि हिंसेच्या बातम्या ऐकून मुलांच्या मनात फक्त द्वेष साठत चालला आहे, हे एका बारा वर्षांच्या मुलीच्या पत्रावरून त्यांना दिसले होते. आपला रंग सुंदर आहे, आपल्या समाजातही मोठी माणसे झाली आहेत आणि आपल्यालाही खेळायचा, हसायचा हक्क आहे, हे मुलांना सांगायला त्यांनी मासिक काढले. लँग्स्टन ह्यूज या महाकवीचे सुरुवातीचे लेखन त्यात आले. पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत आणि चोवीस अंकांनंतर, डिसेंबर १९२१ मध्ये, मासिक बंद पडले. ‘मूकनायक’लाही पैशाची ओढाताण चुकली नाही. पुढे जुलै १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली आणि ड्यू बॉइस यांनी उत्तरही पाठवले. तो पत्रव्यवहार आपण अभिमानाने सांगतो. त्यातील एका पत्रलेखकाने छब्बीस वर्षांपूर्वी मुलांचे मासिक काढले होते, हेही सांगायला हवे.

मासिक बंद पडले, पण काम थांबले नाही. हार्लेममधील १३५ व्या रस्त्यावरच्या वाचनालयात ऑगस्टा बेकर नावाच्या कृष्णवर्णीय ग्रंथपाल १९३७ पासून काम करू लागल्या. कपाटात आपल्या मुलांना देण्याजोगी पुस्तके किती कमी आहेत हे त्यांनी पाहिले आणि १९३९ मध्ये वेगळा संग्रह उभा करायला घेतला. त्यांनी निवडक पुस्तकांची यादी बनवली आणि ती पुन्हा पुन्हा सुधारली. निवडीच्या कसोट्या तीन : भाषा, विषय आणि चित्रे. पात्राच्या तोंडी विदूषकी बोली घातली आहे का? गोष्टीत त्याला माणूस म्हणून जागा आहे का? चित्रात त्याची टवाळी आहे का? प्रकाशकही हळूहळू त्यांचा सल्ला घेऊ लागले. पदकाच्या खोलीत जागा नव्हती तेव्हा एका बाईने वाचनालयाच्या टेबलावर बसून पर्यायी निवाडा उभा केला.

आपल्या हाताने काढलेले चित्र

१९६९ साली जॉन स्टेप्टो या विशीही न गाठलेल्या ब्रुकलिनच्या तरुणाचे ‘स्टीव्ही’ हे पुस्तक आले. कथा, चित्रे, भाषा सगळे वस्तीतले. घरी सांभाळायला आलेल्या लहान मुलाचा आधी राग येणे आणि तो गेल्यावर त्याची आठवण येणे, इतकी साधी गोष्ट, पण ती रस्त्यावरच्या बोलीत सांगितलेली. तीनच वर्षांनी आपल्याकडे ‘गोलपिठा’ने प्रमाण मराठीला हादरा दिला. फरक हा, की आपला हादरा मोठ्यांच्या कवितेपर्यंत पोचला आणि तिथेच राहिला. मुलांच्या पुस्तकात आजही वस्तीतले मूल सदाशिव पेठेतल्यासारखे बोलते.

१९७२ मध्ये टॉम फीलिंग्ज हे ‘ऑनर’ मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय चित्रकार ठरले, ‘मोजा मीन्स वन’ या स्वाहिली अंकांच्या पुस्तकासाठी. १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन पदके लिओ आणि डायान डिलन या जोडप्याने मिळवली. लिओ कृष्णवर्णीय, डायान गोऱ्या. मुख्य पदक कृष्णवर्णीय हातापर्यंत पोचायला १९३८ पासून अडतीस वर्षे लागली. एकट्या कृष्णवर्णीय चित्रकाराला ते मिळाले थेट २०१० मध्ये, जेरी पिंकनी यांना ‘द लायन अँड द माऊस’साठी. बहात्तर वर्षे!

या यादीत आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरते. फीलिंग्ज यांचे पुस्तक पूर्व आफ्रिकेवर, डिलन दांपत्याची दोन्ही पदके आफ्रिकेच्या लोककथेला आणि परंपरांना. दूरची, रंगीबेरंगी, प्राचीन आफ्रिका समितीला लवकर आवडली. शेजारच्या गल्लीतला स्टीव्ही शिक्क्याविना राहिला. या कलावंतांचे काम थोर आहे, प्रश्न निवडणाऱ्यांच्या नजरेचा आहे. आपल्याकडे वारली चित्रे सरकारी भिंतीवर आणि दिवाळीच्या भेटकार्डावर चालतात. वारली मूल वसतिगृहात काय खाते, याचे चित्र कुणाला नको असते.

म्हणून १९६९ साली मेबल मॅकिसिक आणि ग्लिंडन ग्रीअर या दोन ग्रंथपाल बायांनी जॉन कॅरोल या प्रकाशकासह ठरवले, की आपला पुरस्कार आपण देऊ. त्यातून ‘कोरेटा स्कॉट किंग पुरस्कार’ जन्मला. पहिला १९७० मध्ये दिला गेला, चित्रकारांसाठी १९७४ पासून. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने त्याला अधिकृत जागा दिली ती १९८२ मध्ये. आधी स्वतःची संस्था आणि मग मान्यता, हा क्रम लक्षात घ्या.

आणि लढाई जिंकली असेही समजू नका. विस्कॉन्सिनमधील बालपुस्तक केंद्राने मोजले तेव्हा १९८५ सालच्या सुमारे २,५०० बालपुस्तकांत कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची पुस्तके निघाली अवघी १८. सरकारी पैसा आटला, चळवळ मंदावली, की कपाट पुन्हा गोरे होते.

मग आपण काय करायचे?

जुने पुरस्कारप्राप्त पुस्तक हाती आले, मग ते अमेरिकेतले असो की मराठीतले, तर पाच प्रश्न विचारा. चित्रात मध्यभागी कोण आहे आणि कडेला कोण? कोण काम करते आणि कोण आराम करते? कुणाला पूर्ण नाव आहे आणि कुणाला फक्त हाक? चित्र काढणारा हात कुणाचा आणि शिक्का मारणारा कुणाचा? आणि ही आवृत्ती मूळ की धुतलेली? या प्रश्नांनंतरही एखादे पुस्तक सुंदर वाटले तर मुलांना जरूर दाखवा. बदकांचा रस्ता ओलांडणे आपल्याही मुलांना आवडते, आवडू द्या. पदक म्हणजे त्या काळच्या निवाडा करणाऱ्यांची साक्ष, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

दुसरे काम मोजण्याचे. तुमच्या तालुक्याच्या वाचनालयातील, जिल्हा परिषदेच्या शाळेतील एक कपाट घ्या. शंभर पुस्तके उघडा. वस्ती, विहार, निळा झेंडा, भोंगा, पाल, तांडा, मोहल्ला यांतले काय काय किती चित्रांत दिसते ते लिहून काढा. भाषणापेक्षा तो कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर जास्त बोलेल. बेकरबाईंसारखी एक यादी प्रत्येक विहारात हवी, वाचून तपासलेली.

तिसरे काम अवघड आहे, कारण ते आपल्याशी संबंधित आहे. आपल्याकडे पुस्तके आहेत. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड कलावंतांनी चितारलेले ‘भीमायन’ आहे. मसूर स्टेशनावर ताटकळलेला लहानगा भीम त्यात आहे आणि तो आपल्या मुलांना माहीत असलाच पाहिजे. पण चळवळीतल्या मुलांच्या पुस्तकांत आपले मूल येते ते बहुतेक दोनच रूपांत : अपमान सोसणारे किंवा पुढे महापुरुष होणारे. साधे मूल कुठे आहे? चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बाबांच्या खांद्यावर झोपी गेलेली मुलगी, दीक्षाभूमीच्या गर्दीत चप्पल हरवलेला मुलगा, नळावरच्या रांगेत घागरीवर ठेका धरणारी पोरे, यांची पुस्तके कुठे आहेत? ‘याला कुणी मारत नाही का?’ असे आपल्या मुलाला विचारावेसे वाटते, कारण पुस्तकात आपल्यासारखे मूल आले की मार पडणार, हे आपणही त्याला शिकवून ठेवले आहे.

बाबासाहेबांनी आपल्याला स्वातंत्र्य, समता आणि बंधुता दिली. यातल्या स्वातंत्र्यात विनाकारण खेळण्याचे स्वातंत्र्यही येते. पीटरला बर्फात लोळण्यासाठी कुणाची परवानगी लागली नाही. आपल्या पोरांना पावसात भिजण्यासाठी लागू नये. वस्तीत चित्र काढणारी मुले-मुली आहेत, गोष्ट सांगणाऱ्या आज्या आहेत, डीटीपी येणारे तरुण आहेत आणि जयंतीला जमणारी वर्गणीही आहे. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात सोळा पानांचे रंगीत पुस्तक निघू शकते. त्यावर शिक्का नसेल. पण ते पाहून आपले एखादे मूल खडूच्या पेटीतला स्वतःचा रंग उचलेल.

जय भीम!